रामघाटावर घेतलेलं नाव

श्रीनाथ उपासनीला उज्जैनच्या फ्रीगंजात सगळे प्रोड्यूसरसाहेब म्हणतात. कोणी मानानं म्हणतं, कोणी टोमणा मारायला म्हणतं. साहेब दोघांनाही सारखाच नमस्कार करतात. टावर चौकातून आतल्या गल्लीत वळलं की त्याचं दुकान. पाटीवर लिहिलंय, 'श्रीनाथ व्हिडिओ, शादी-ब्याह एवं फिल्म निर्माण'. यातल्या शेवटच्या दोन शब्दांवर त्यानं स्वतःच्या हातानं कागद चिकटवला होता आणि तो तेरा वर्षं तसाच राहिला. मागच्या दिवाळीत त्याचा पिक्चर थिएटरला लागला, आसपासच्या गावांतून लोक ट्रॅक्टरनं बघायला आले, तेव्हा कुठे त्यानं तो खरवडून काढला. पण पिक्चर चालला ही त्यातली छोटी गोष्ट. मोठी गोष्ट त्याआधीच घडून गेली होती.

श्रीनाथचे वडील रेल्वेतले. भुसावळहून बदली होऊन उज्जैनला आले आणि इथलेच झाले. मुलगा लग्नांचं शूटिंग करू लागला. पाठवणीच्या वेळी नवरीपेक्षा कॅमेरेवालाच जास्त रडतो, अशी त्याची ख्याती होती आणि ती खोटी नव्हती. त्याला आणखी एक सवय होती. लग्नात कॅमेरा कधी बंद करायचा नाही, कारण नेमकं काय घडेल याचा नेम नसतो. जेवायला बसला तरी कॅमेरा तिकडे चालूच.

शाळेपासूनचा त्याचा जिवलग मधुकर मुजुमदार. याचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून, हा वीज मंडळात. घरी चोख मराठी, पण बाजारात अशी माळवी बोलायचा की भाजीवाल्या बाया त्याला आपल्याच गावचा समजून दोन लिंबं वर टाकायच्या. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात लग्नं संपली, कॅमेरा रिकामा पडला, तेव्हा श्रीनाथनं तो मधुकरसमोर धरला. चाळीस मिनिटांची माळवी गोष्ट, सासुरवाडीला आलेला जावई आणि हरवलेली म्हैस. तिची सीडी शिप्रेकाठच्या कार्तिक मेळ्यात अशी खपली की दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात एकही उरली नाही.

मग आठ वर्षांत अकरा पिक्चर झाले. त्यात नट म्हणावा असा कोणीच नव्हता. चपलांच्या दुकानाचा मालक सुमीत, दवाखान्यातला कंपाउंडर, शेजारपाजारचे लोक. सुमीतला पहिल्या पिक्चरात 'भेरूलाल' अशी हाक मारली, तर तो मागे वळून भेरूलाल कुठे आहे ते बघू लागला. तेव्हापासून श्रीनाथनं नियमच केला, की पिक्चरमध्येही ज्याचं त्याचं नाव तेच ठेवायचं. लोकांना ते इतकं आवडलं की मधुकर ऑफिसला निघाला तरी पोरं मागून पिक्चरमधले डायलॉग मारायची. आणि सगळ्यांचं जेवण मधुकरच्या घरून यायचं. त्याची बायको प्रतिभा तीस माणसांचा डबा घेऊन दुपारी शूटिंगला हजर व्हायची. श्रीनाथला ती भावजी म्हणायची, आणि पहिलं ताटही त्यालाच द्यायची.

पुढे मोबाइल आले आणि सीडीचे दिवस संपले. श्रीनाथनं ठरवलं, आता थिएटरसाठी दोन तासांचा खराखुरा पिक्चर काढायचा. गोष्ट एका खाष्ट म्हाताऱ्याची. सुरुवातीलाच तो मेलेला आहे, मुलगा रामघाटावर त्याचं पिंडदान करतोय आणि मग मागचं सगळं आठवतंय. म्हातारा अर्थात मधुकर, मुलगा सुमीत.

घाटावर खरेखुरे पंडितजी आणले होते. ते म्हणाले, "मंत्र तो मंत्र है भैया, झूठा कैसे पढ़ूँ? नाम बोलो, गोत्र बोलो."

सुमीतनं श्रीनाथकडे पाहिलं. ऊन सरकत होतं, सावली पायऱ्यांवर येण्याच्या आत शॉट हवा होता. श्रीनाथनं कॅमेऱ्यामागून सांगून टाकलं, "नाम मधुकर. गोत्र भारद्वाज." गोत्र त्याला पाठ होतं, मित्राच्या लग्नात तो जवळच बसला होता. दुसरं कुठलंही नाव सांगता आलं असतं. पण अकरा पिक्चरांची सवय जिभेवर बसली होती, आणि आपण काय बोललो हे त्या क्षणी त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

प्रतिभा त्याच वेळी डबे घेऊन वरच्या पायऱ्यांवर आली होती. नवऱ्याचं नाव, गोत्र आणि त्यापुढे 'प्रेत' हा शब्द तिनं पंडितजींच्या खणखणीत आवाजात ऐकला. डबे घेऊन आली तशी परत गेली. त्या दिवशी पहिल्यांदाच श्रीनाथची माणसं उपाशी राहिली.

मधुकर मात्र हसला. "आयुष्य वाढलं बघ माझं, नाथ्या. आता शंभरी नक्की."

बरोबर अकराव्या दिवशी त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. श्रीनाथ दवाखान्यात धावला, तर प्रतिभा दारातच उभी होती. "तुम्ही परत येऊ नका," ती म्हणाली. भावजी म्हणाली नाही.

डॉक्टर सांगत होते की मधुकरचं ब्लडप्रेशर कित्येक वर्षांपासून वाढलेलं होतं. मधुकर गोळ्या चुकवायचा आणि लोणचं चुकवायचा नाही, हे तर अख्ख्या गल्लीला माहीत होतं. श्रीनाथच्या डोक्याला हे पटायचं, पण मनाला नाही. त्यानं पिक्चर थांबवला, कॅमेरा विकला, पाटीवर कागद चिकटवला. पासपोर्ट फोटो काढू लागला, दुसऱ्यांनी केलेली लग्नाची शूटिंगं जोडून देऊ लागला. बायको अहल्या शाळेत शिकवायची म्हणून घर चाललं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण घाटावरची ती टेप शिप्रेत सोडून या, असं दोनदा सुचवलं. त्याच्यानं ते झालं नाही. टेप कपाटात स्टीलच्या डब्यात पडून राहिली. मधुकरचं घर टाळून तो लांबच्या रस्त्यानं घरी जायचा. मित्र चार गल्ल्या पलीकडे जिवंत होता आणि त्याची त्याला रोज, अगदी रोज आठवण यायची.

दीडएक वर्षापूर्वी एक मुलगी दुकानात आली. त्यानं स्टूल पुढे केलं आणि मागचा पांढरा पडदा सरळ करू लागला.

"फोटो नाही काढायचा, काका. मी मृण्मयी. मधुकर मुजुमदारांची."

शूटिंगला यायची तेव्हा फ्रॉकमध्ये असायची. आता इंदूरला नोकरी करत होती. तिनं जुन्या सीड्या इंटरनेटवर टाकल्या होत्या. "गावोगावचे लोक बघतायत, काका. सगळे विचारतात, मधुकर भैया कुठे आहेत, नवीन पिक्चर का नाही येत?" मग म्हणाली, "ती घाटावरची टेप आहे का हो तुमच्याकडे?"

"नाही," श्रीनाथ म्हणाला. आणि मग, "आहे. मी बघितली नाही कधी."

"आईला बघायची आहे. लोकांनी लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवलं मी. तर म्हणाली, मग ती पण बघूनच टाकते एकदा."

बारा वर्षांनी तो त्या घरात गेला. हातात जुना प्लेयर होता. मधुकर खुर्चीत बसला होता. त्याचं अर्धं तोंड हसलं. "ना... थ्या," तो म्हणाला. प्रतिभानं नुसती मान हलवली आणि भिंतीशी बसली.

टेप सुरू झाली. पंडितजींचा आवाज आला तसं प्रतिभानं खाली बघितलं. श्रीनाथला वाटलं, उठावं आणि बंद करावं. तेवढ्यात मंत्र संपले. पण कॅमेरा नेहमीप्रमाणे चालूच राहिलेला होता. कडेनं मधुकर आत आला, दोन्ही हात नाचवत. पंडितजींची नक्कल केली, सुमीतच्या धोतराला नावं ठेवली, पाण्यात पाय सोडून बसला आणि बोलतच राहिला, भरभर, एकावर एक. पिक्चरमधली माळवी नव्हे, घरात बोलायचा ती मराठी. सीड्यांमध्ये त्याचा माळवी आवाज भरपूर होता, पण घरातला हा आवाज कुणाकडेच नव्हता. मृण्मयीला तो नीट आठवतही नव्हता. शेवटी पडद्यावरच्या मधुकरनं मान वर करून पायऱ्यांकडे पाहिलं. "प्रतिभा डबा आणते म्हणाली होती. इतका वेळ कधी लावत नाही ती. अरे, बघून या रे कोणीतरी."

"मागे घ्या," प्रतिभा म्हणाली.

त्यानं मागे घेतलं. तिनं तीनदा बघितलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. खुर्चीतला मधुकर तिच्याकडे बघत होता, स्वतःकडे नाही.

"पिक्चर पुरा करा," ती शेवटी म्हणाली. "पण ज्या घाटावर यांचं नाव तसं घेतलं गेलं ना, तिथंच मी घेणार. सगळ्यांच्या सामने, कॅमेऱ्यात." लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. अहोवरच संसार झाला होता.

गोष्ट बदलली. म्हातारा मेलेला नाहीच. रुसून बहिणीकडे जाऊन बसला आहे आणि नेमका स्वतःच्याच पिंडदानाला येऊन पोहोचतो. थंडीतल्या एका सकाळी सगळे रामघाटावर जमले. कॅमेरा भाड्याचा होता, पंडितजी तेच, जरा वाकलेले. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "यह तो शुभ काम है. पहले बताते, मैं खुद आ जाता." सुमीतनं पिंड हातात घेतला होता तेव्हा केस काळे होते, खाली ठेवताना पांढरे. प्रेक्षक समजून घेतील, असं श्रीनाथनं ठरवून टाकलं.

मधुकर काठी टेकत एकेक पायरी उतरू लागला. एका पायरीला पूर्वी पाच वाक्यं बोलायचा, आता एका शब्दाला पाच पायऱ्या लागत. पण लोक थांबून बघत होते. वरच्या पायरीवर प्रतिभा उभी राहिली. तिचं वाक्य माळवीत लिहून दिलेलं होतं, पाठही होतं. ती ते विसरली, की तिनं मुद्दामच बदललं, हे श्रीनाथनं तिला कधी विचारलं नाही.

"मधुकर," तिनं मोठ्यानं हाक मारली. नदीपलीकडच्या घाटावरचे दोघे-तिघे वळून बघू लागले. "मधुकर, घरी चला. जेवण थंडं होतंय."

मधुकर वळला. त्याच्या वाट्यालाही माळवी वाक्य होतं. त्यानं तोंड जुळवलं, वेळ घेतला, आणि मराठीतच म्हणाला, "आलो."

पुढे हे वाक्य बदलू या, माळवीत डब करू या, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. श्रीनाथनं कोणाचं ऐकलं नाही. थिएटरात त्या एका शब्दाला बायका पदर डोळ्याला लावतात.

शॉट झाला. श्रीनाथ कॅमेऱ्यामागे उभा राहून, पाठवणीला रडायचा तसा रडत होता. खाली प्रतिभानं डबे उघडले, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, तीस माणसांची. पहिलं ताट वाढलं आणि ते हातात घेऊन ती इकडेतिकडे बघू लागली.

"भावजी," ती म्हणाली, "कॅमेरा राहू द्या तिकडे. जेवायला या."

"आलो, वहिनी," श्रीनाथ म्हणाला. कॅमेरा चालूच होता, म्हणून हेही त्यात आलं आहे. पिक्चरमध्ये मात्र त्यानं ते घेतलं नाही.