डिक्कीतली जागा

वामनकाका कुठल्याही गाडीच्या डिक्कीला मापाची टेप लावण्याआधी ती पूर्ण रिकामी करत. आतलं सामान ताडपत्रीवर मांडत आणि गाडीवाल्याला विचारत, "बॉक्स जागा खाते. कोणाची खाऊ, ते सांग पहिले."

पिपरी मेघेत आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर, आणि पुढच्या खोलीत दुकान. पूर्वी ते दिवाण, कपाटं करायचे. नंतर गाड्यांचे सबवूफर बसवायचे लाकडी बॉक्स करू लागले. स्पीकर नुसता ठेवला तर आवाज पोकळ येतो, त्याला मागे कोंडलेली हवा लागते. मी येता-जाता पाहायची, बोलायची नाही. इंग्रजी शाळेमुळे मराठीत माझं वाक्य मध्येच अडायचं. ते हातातली पटाशी जराशी वर करत. तेवढीच आमची ओळख.

आई गेल्यावर काही महिन्यांनी दादानं आमची गाडी त्यांच्याकडे नेली. मीही गेले. डिक्कीतून छत्री निघाली, पाण्याचा कॅन निघाला आणि शेवटी आईची घडीची चाकाची खुर्ची. दवाखान्यात जाताना ती बरोबर असायची. आई गेल्यावर ती कोणी काढली नव्हती, आणि घरात तिच्याबद्दल कोणी बोलतही नव्हतं. दादा फक्त गाडीत एकटा असला की गाणी फार मोठ्यानं लावायचा.

"दोन स्पीकर टाका काका. पूर्ण डिक्की घ्या."

"अन् हे?" काकांनी खुर्चीवर हात ठेवला.

"आता कोणाले लागते ते?"

काका माझ्याकडे वळले. "तू सांग बेटा. तुही बी माय होती ना."

"राहू द्या," मी म्हणाले. पुढचे शब्द आलेच नाहीत.

दादा चिडला. "मंग बॉक्स कुठं बसवता, टपावर?"

"टपावर तुले बसवतो," काका म्हणाले. "एकच स्पीकर घे. चाकाच्या बाजूले खोलगट जागा हाय, तिथं जिरवतो."

त्या वाकड्यातिकड्या जागेचा साचा ते पुठ्ठ्यातून कापत होते. डिक्कीत आडवे होऊन, पाय बाहेर. जाणारे चिडवायचे, "काऊन वामन, गाडीनं गिळलं का तुले?" आतून उत्तर यायचं, "अर्धा गिळला. अर्धा घरच्याईसाठी ठेवला." दर वेळी साचा लावला की ते खुर्ची आत ठेवून पाहत. घासली की पुन्हा कापत.

बॉक्स तयार झाल्यावर त्यांनी दादाला गाणं लावायला सांगितलं आणि उदबत्ती पेटवून सांध्यांजवळून हळूहळू फिरवली. एका कोपऱ्यात धूर थरथरला.

"हवा गळून राह्यली."

"चालते ना काका. आवाज मस्त येते."

"तुले चालते. मले नाई चालत." त्यांनी गोंदात भुसा कालवून तो सांधा पुन्हा भरला.

शेवटी बॉक्सशेजारी खुर्ची ठेवली आणि डिक्की लावली. ती अलगद बसली. दादा डिक्कीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. मग त्यानं तोंड फिरवलं. काका भुसा झाडत बसले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. काकू दारात येऊन म्हणाल्या, "पोरी, तुह्या मायची ते खुर्ची..." त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत दादा किल्ली घेऊन निघाला होता.

व्यायामासाठी काकांना दवाखान्यात न्यायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. पहिल्या दिवशी मीही गाडीत होते. दादानं गाणं लावलं नव्हतं. काकांनी जड जिभेनं विचारलं, "बॉक्स बिघडला का?"

"नाई काका."

"मंग लाव ना. मी काय मेलो का?"

दादानं गाणं लावलं. काकांनी मागच्या सीटला पाठ टेकली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "खुर्ची खडखडत नाई." ते स्वतःशीच म्हणाले असावेत.

या हिवाळ्यात काका गेले. दिवस झाल्यावर काकूंनी खुर्ची पुसून परत आणून दिली. कुठं ठेवायची, असं घरात कोणी विचारलं नाही. मी ती उचलली आणि बॉक्सशेजारी सरकवली.

परवा दादाचा एक मित्र गाडी पाहत होता. म्हणाला, "एवढी डिक्की हाय, दुसरा स्पीकर काऊन नाई टाकत?"

दादानं डिक्की लावली. "जागा खाली नाई," तो म्हणाला.