साखरेची साखळी

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी तिथे चेन-पुलीवर होतो. क्रेन पोचत नाही तिथले लोखंड साखळी ओढून वर चढवायचे, हे काम. सातवीत शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याला फोरमनने ठेवून घेतले, याचे उपकार वाटत, आणि कधी परत पाठवतील याची धास्तीही. गावी बाबा सांगत, "मोठा साखळीवर हाय."

एकदा बाबा सेक्टर दोनमध्ये माझ्याकडे आले. दुसऱ्या दिवशी त्यांना कारखान्यातली लोखंड वितळवायची भट्टी दाखवायची म्हणून मी फोरमनच्या हातापाया पडून परवानगी काढली होती. त्याच संध्याकाळी नागपूरहून धाकटा भाऊ आला. तो कॉलेजात संशोधन करी.

"तू काय करून राहिला तिथं?" बाबांनी त्याला विचारले.

"अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनाले साखरेच्या बारीक साखळ्या चिकटून असतात, बाबा. त्या कुठं अन् कशा चिकटल्या, ते पाहून राहिलो."

"म्हणजे तू बी साखळीवरच."

"हो, दादासारखा. फक्त माही साखळी दिसत नाही."

बाबा खोकला येईपर्यंत हसले. "दिसत नाही, अन् तरी तुले पगार देतेत?"

माझा जीव जळाला. घरात माझा म्हणून एक शब्द होता, तोही त्याने हसत हसत उचलला.

मी बाबांना उद्याच्या भट्टीची आठवण करून दिली.

"तुही भट्टी कुठं पळून जाते रे," बाबा म्हणाले. "याले परवा परत जायचं हाय. उद्या हा मले ते साखळी समजावून सांगन."

सकाळी मी फोरमनला सांगितले, बाबांचे गुडघे दुखतात.