रशीदभाईंचा रोजा

गेल्या महिन्यात भवानीनगरहून सलीमचा फोन आला. "मॅडम, अब्बा गेले. मशीनवर बसल्याबसल्या... हार्ट." मग म्हणाला, "तुमाला निरोप हाय त्यांचा. म्हणायचे, मॅडमला सांगा, पोटानं गेलो न्हाय." मला रडता रडता हसू आलं.

रशीदभाई शिंपी. थोरला भाऊ पोटाच्या कॅन्सरनं गेला. शेवटपर्यंत पित्तच समजून सोडा पीत राहिला. तसंच आपलं होणार, ही धास्ती रशीदभाईंनी घेतली होती. कॅन्सरच्या आधी जठराचं अस्तर कसं बदलतं ते दुर्बिणीनं बघायचं आणि अशा माणसांवर नजर ठेवायची, असा अभ्यास आम्ही बारामतीला सुरू केला, तेव्हा पहिलं नाव त्यांचं. मी आकृत्या काढून अर्धा तास सांगायचे, ते त्यांनी वरकुटे गावाहून तपासणीला आलेल्या पाव्हण्यांना चुटकीसरशी पटवलं. म्हणाले, कोट वरून झकास दिसतो, आतलं अस्तर आधी विरतं, तेच बघायचंय.

पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. आमच्या सिस्टरनं सगळ्यांना 'उद्या उपास' म्हणून सांगितलेलं. वरकुट्याच्या सोपानतात्यांच्या पोटात दुर्बीण गेली आणि पडद्यावर साबुदाणा. उपासाला खिचडी चालते की, दुर्बीण काढल्यावर तात्या म्हणाले. मागचे चौघेही खिचडी खाऊनच आलेले. माझा स्वभाव तापट. अभ्यासच गुंडाळते, असं मी म्हणाले. रशीदभाई बाकावर पोट धरून हसत होते. उठून म्हणाले, "तात्या, उपास न्हाय, रोजा धरायचा. पाण्याचा थेंबबी न्हाय. आन् पहाटं उठून खायची सहरीबी न्हाय." पुढच्या खेपेला एकजात सगळे उपाशी आले.

त्या पहिल्या दिवशी मात्र खरे उपाशी एकटे रशीदभाईच होते, आणि अस्तर बदललेलं सापडलं तेही त्यांचंच. टोपी हातात फिरवत त्यांनी विचारलं, "भावासारखं?" मी म्हटलं, नाही, त्याच्या पुष्कळ आधीचं. मग दरवर्षी न चुकता येत राहिले. एका वर्षी नखाएवढा डाग कॅन्सरकडे झुकलेला दिसला. पुण्याला पाठवलं, तिथं दुर्बिणीतूनच तो काढला. परत आल्यावर पहिला प्रश्न, "रफू दिसत न्हाय ना?" त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांचं मशीन चालू राहिलं... मला फार आवडायचा हा माणूस.

परवा वरकुट्याची एक आजी तपासणीला आली. काही खाल्लं नाही ना, मी विचारलं.

"न्हाय बाई. रशीदभाईचा रोजा हाय आज."

तिला वाटत होतं, तपासणीचं नावच ते आहे. मी काही दुरुस्त केलं नाही.