डिपरवर टांगलेलं मीठ

दिवेलागणीला पायी घरी निघालेल्या बाईच्या पाठीमागून बिनदिव्याची गाडी येत असेल, तर दोष कोणाचा? गाडीच्या मालकाचा, असं तुम्ही म्हणाल. गेल्या आश्विनापर्यंत मीही तेवढंच म्हणत होतो.

माझे मामा चामोर्शीच्या एका व्यापाऱ्याची जुनी मोटार चालवतात. बाजाराच्या दिवशी ती माणसं भरून जंगलातल्या गावांकडे जाते. मामी त्याच बाजारात भाजी विकते आणि शेजारणींबरोबर त्याच रस्त्यानं पायी परतते. मालकाच्या गाडीत डायवरच्या बायकोनं फुकट बसायचं नाही, हा मामांचा नियम. मला तो पटतो.

आश्विनातल्या त्या बाजाराच्या दिवशी बायका पुढे निघून गेल्या होत्या. मागून आम्ही निघालो. मी मामांच्या शेजारी होतो आणि आमच्या दोघांच्या गुडघ्यांसमोर मिठाची गाठोडी लोंबत होती. मिठावर पाय पडू देणं आमच्याकडे पाप. मागे तर सगळे पायच पाय. टपावर ठेवावं, तर पावसात विरघळतं. म्हणून समोरच्या फळीखाली खिळे ठोकले आहेत आणि सगळ्यांचं मीठ तिथे टांगलं जातं. जंगलातला मध आणि डिंक देऊन ही माणसं ते मीठ नेतात. व्यापारी त्या बदल्यात किती कमी मीठ घालतो, यावर मला एक अख्खं पत्रक लिहायचं आहे. ते नंतर.

धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेली शेतं, संपून साग सुरू झाला आणि मामांनी दिवे लावले. पहिल्याच खड्ड्यात दोन्ही दिवे गेले, परत आले आणि पुन्हा गेले. मामांनी गाडी थांबवली.

"काऊन डायवरभाऊ, झोप लागली का गाडीले?" मागून कोणीतरी हसलं.

"गप राय जी. बाया पुढं हायेत रस्त्यावर."

हसणारा खाली उतरून पुढचा रस्ता पाहू लागला. सागाखाली अंधार भरत होता. रस्त्याची पांढरी माती तेवढी दिसत होती.

मामांनी भोंगा दाबला. वाजला. म्हणजे बॅटरी जिवंत होती. मागचा लाल दिवाही जळत होता.

"दोन्ही बल्ब एकाच वक्ती कसे जातीन?" मामा स्वतःशीच बोलले. त्यांनी फ्यूज काढून पाहिला. शाबूत होता. उंदरानं वायर कुरतडली असेल, असं मी म्हणालो. मामांनी बॉनेट उघडून वायर हातानं चाचपली. ती धड होती. दोन तारा जोडलेला एक सुटा बल्ब मामांकडे असतो. तो घेऊन ते स्टिअरिंगखाली उताणे शिरले. दिव्यांच्या खटक्यापाशी तो बल्ब लागला. दिव्यांचा झोत वर-खाली करायला पायानं दाबायचा जो डिपर, त्याच्यापाशी येणाऱ्या तारेवर लागला. डिपरमधून निघणाऱ्या तारेवर लावला, तर काळा.

"करंट इथीच मरून राह्यला."

एवढ्यात मागून इंजिनाचा आवाज आला. आम्ही वळून पाहिलं, पण उजेड कुठेच नव्हता. मालकाचीच दुसरी गाडी, लॉरी, आमच्या अंगावरून गेल्यासारखी गेली. पुढचे दोन्ही दिवे बंद. आमच्यातला एकजण ओरडला, पण ती थांबली नाही. ज्या बाजूला बायका गेल्या होत्या, त्याच बाजूला आवाज लहान होत गेला.

मामा सुटा बल्ब ठेवून चाकू शोधू लागले. मी डिपरवर बोट फिरवलं. ओलं, खरखरीत काहीतरी लागलं. जिभेला लावलं. खारट. वरच्या गाठोड्यातून थेंब पडत होता, थेट तिथेच. पावसाळाभर पडत आला असणार.

मामांनी चाकूनं हिरवी खपली खरवडली, घासलेटाची चिंधी फिरवली, डिपर दाबला. दिवे लागले. गाडी सुटली, तेव्हा मागची माणसं उभी राहून पुढे पाहत होती.

वळणापुढे साग संपून पुन्हा बांध्या लागल्या, तिथे रस्त्यावर चिरडून चपटी झालेली भाजीची टोपली दिसली. मामांनी क्लच न दाबताच ब्रेक मारला आणि गाडी बंद पडली. डावीकडून बांधीतून आवाज आला.

"आता आले! आमाले चिखलात उभं करून."

मामी गुडघाभर पाण्यात उभी होती. शेजारणी तिला धरून होत्या. एकीची चप्पल गेली होती.

"दिवाच नोता जी त्याले. पाठीले वारा लागला म्हणून उडी मारली," मामी म्हणाली, आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी मामा मालकाकडे गेले. मीही गेलो. लॉरीतही तसेच खिळे होते, खाली तशीच ओल होती. "मीठ कुठी ठेवू मग? लोकाईच्या पायाखाली?" मालक म्हणाला. दाराशी बसलेली गिऱ्हाइकंही त्याच्या बाजूनं माना हलवू लागली. ज्यांच्या बायका त्या रस्त्यानं चालतात, तेच! मी खूप बोललो. लॉरी दुपारी तशीच सुटली. मामांनी आमच्या गाडीतले खिळे उपटले. त्याबद्दल मालकाचे बोल अजून ऐकतात.

मिठाचा मान मलाही मोडायचा नाही. पण तो मान राखताना माणूस मेलं, तर त्या मिठाला जागलो असं कोण म्हणेल?

मामी पुढच्या बाजारालाही पायीच येणार आहे. म्हणून तुम्हाला सांगतो: त्या दिवशी गाडीत चढाल, तर आपलं मीठ मांडीवर घ्या. कोणी खिळ्याला टांगत असेल, तर काढायला लावा. निघण्याआधी डायवरला दिवे लावून डिपर दाबायला सांगा, आणि दिवे लागले नाहीत, तर सगळे मिळून खाली उतरा.