वाघ बघायला

ह्यांच्यावर वाघाने झडप घातली तेव्हा मी घरात तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. मोटरसायकलचा आवाज नेहमीसारखा खालच्या वळणापर्यंत आला आणि तिथेच बंद पडला. पेट्रोल संपलं असेल असं मला वाटलं. थोड्या वेळाने हे पायी अंगणात आले. पँट गुडघ्याखाली फाटलेली, एका पायात बूट नाही.

"वाघ," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसले.

रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावरून त्याने उडी मारली होती. पोटरीवर पंजा बसला, गाडी घसरली, हे ओरडले आणि तो ज्या बाजूने आला त्याच बाजूला निघून गेला. सगळं इतक्या झटक्यात झालं की ह्यांना त्याचा चेहरासुद्धा नीट दिसला नव्हता. सरकारी दवाखान्यात टाके पडले, इंजेक्शनं झाली, जखम भरली. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. भेटायला येणारे सगळेही तेच म्हणायचे.

हे मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, मासळी गोठवण्याच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी गमतीने म्हणालं, "अरे, अंगाला म्हावऱ्याचा वास येत असेल, म्हणून आला तो." सगळे हसले, हेही हसले. पण कामावर परत जायला लागल्यावर ह्यांनी पिशवीत साबण आणि लिंबू न्यायला सुरुवात केली. सुटी झाल्यावर नखांच्या आतपर्यंत हात घासायचे, कपडे बदलायचे आणि मगच निघायचे. कातडी सोलवटली तरी थांबले नाहीत. मोटरसायकल ताडपत्रीखाली गेली. साहेबांना सांगून सकाळची पाळी मागून घेतली. दुपारची एसटी चुकली तर दिवस मावळायच्या आत घरी पोचता येणार नाही म्हणून कधीकधी जेवणसुद्धा अर्धवट टाकून निघत.

मग शेजारच्या वाडीत वनखात्याने पिंजरा लावला आणि एक वाघ त्यात सापडला. आख्खा गाव बघायला धावला. मीही गेले. पिंजऱ्याभोवती इतकी माणसं होती की मला फक्त एक शेपूट दिसलं. हे घरीच राहिले. गाडी त्याला घेऊन गेली. वनखात्याच्या माणसांनी एवढंच सांगितलं की लांबच्या जंगलात सोडणार. गावाने मात्र ठरवून टाकलं, घाटावरच्या राष्ट्रीय उद्यानातच सोडला.

आंब्याला बारक्या कैऱ्या धरल्या होत्या तेव्हाची गोष्ट. जेवताना हे एकदम म्हणाले, "आपण त्या जंगलात जाऊन येऊ."

"कशाला?"

"लोक जातात की जनावरं बघायला. जीपमधून फिरवतात."

"अहो, खरं सांगा."

त्यांनी भात कालवला, पण घास घेतला नाही. "तो तिथे आहे हे मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. दिसला की इथे नाही, हे पटेल मला."

एवढ्या मोठ्या जंगलात तोच कसा दिसेल, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण अपघातानंतर पहिल्यांदाच ते स्वतःहून कुठे तरी जायचं म्हणत होते. मी हो म्हटलं.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ज्याना फाडलान त्याच्याच दारात जातास? काय गो, तू तरी सांग ह्येका." पण त्यांनीच वाटेसाठी घावणे करून बांधून दिले.

एसटीने आंबा घाट चढलो, पुढे गाडी बदलली, आणि जंगलालगतच्या गावात एका घरी मुक्काम केला. सकाळी उघड्या जीपमध्ये आमच्याबरोबर पुण्याचं एक जोडपं होतं. त्या गृहस्थांच्या गळ्यात भलामोठा कॅमेरा. पुढे चालकाशेजारी वाटाड्या. हे कडेला न बसता मधोमध बसले, पाय आत ओढून.

जंगल सुंदर होतं हे मला कबूल केलंच पाहिजे. आमच्याकडच्या सड्यासारखाच कातळ वर उघडा पडलेला, आणि उतारावर एवढी दाट झाडी की खाली ऊन पोचत नव्हतं. उंच फांद्यांमधून शेकरू उड्या मारत गेलं. एका मोकळ्या जागी गवे चरत होते, काळेभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. पुण्याच्या बाई आनंदाने माझा हात दाबत होत्या. ह्यांनी गव्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. ते झाडांच्या बुंध्यांमधली जागा बघत होते.

परतीच्या वाटेवर वाटाड्याने हात वर केला आणि जीप थांबली.

तो उजवीकडच्या झाडीतून बाहेर आला आणि रस्त्यावर उभा राहिला. लख्ख ऊन होतं. पिवळ्या अंगावरचा एकेक ठिपका दिसत होता. त्याने आमच्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीती नव्हती, आमच्याबद्दल काहीच नव्हतं. कॅमेरा कटकट वाजत राहिला. ह्यांनी माझं मनगट धरलं. बांगडी वाकली आणि कातडीत रुतली. मी हात सोडवून घेतला नाही. त्यांच्या गळ्यातून बारीक आवाज येत होता, कण्हल्यासारखा.

"अहो, शूऽ! पळेल ना तो," पुण्याचे गृहस्थ मागे न बघताच म्हणाले.

तो पळाला नाही. सावकाश रस्ता ओलांडून डावीकडच्या गवतात उतरला. मग जीपमध्ये एकच गलका झाला. किती भाग्य आपलं, इथे वर्ष वर्ष फिरून लोकांना दिसत नाही, असं काय काय. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. घामाने सगळं भिजलं होतं.

"पाहिलात ना?" मी हळूच विचारलं. "इथेच आहे तो."

त्यांनी मान हलवली. "हा तो नव्हे."

"कशावरून? तुम्ही कुठे पाहिला होतात नीट?"

"हा तो नव्हे गं."

फाटकाशी उतरल्यावर ते वाटाड्याजवळ गेले. रत्नागिरीकडे पकडलेला वाघ इथे सोडलाय का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "ते मला नाही ठाऊक दादा. आणि कुठेही सोडला तरी तो तिथेच राहतो असं कुठंय? चालत जातो की." त्याने ते अगदी सहज सांगितलं.

घाट उतरताना हे खिडकीबाहेर बघत होते. साखरप्याच्या पुढे आल्यावर म्हणाले, "मला वाटायचं त्याच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी होतं. म्हणून आला. पण ह्याने बघितलं ना, तसंच त्यानेही बघितलं असेल. काहीच नव्हतं त्याच्या मनात." मग खिडकीची काच ओढून घेत म्हणाले, "राग असता तर बरं झालं असतं. राग कधीतरी जातो."

मनगटावरचा वळ मी पदराखाली झाकून घेतला.

परत आलो त्याच आठवड्यात ह्यांनी शहरात भाड्याची खोली बघितली. दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून घरं, समोर ट्यूबलाइटचा खांब. मी विरोध केला नाही. तिथे ह्यांना बरं वाटतं. साबण-लिंबू सुटलं, जेवण वाढलं, शेजाऱ्यांशी क्रिकेटवर वाद घालतात. परवा तर वाघ बघितल्याची गोष्ट त्यांना रंगवून सांगत होते, पुण्याच्या गृहस्थांची नक्कल करून.

सासूबाई आल्या नाहीत. "वाघ बघूक गेलास नि घर सोडून चललास," एवढंच म्हणाल्या. जाऊबाई दोन घरं सोडून राहतात, त्यांच्यावर भिस्त ठेवून आम्ही निघालो. रविवारी सकाळच्या एसटीने जातो, मी अंगण सारवते, हे नारळ उतरवून घेतात आणि उन्हं कलायच्या आत आम्ही परत निघतो.

रोज दिवेलागणीला ते आईला फोन लावतात.

"दार लावलंस?"

"लावला, लावला," सासूबाई म्हणतात.

फोन स्पीकरवर असतो. त्यांच्या बोलण्यामागे मला रातकिडे ऐकू येतात, आणि दाराबाहेरच्या उघड्या पडवीतल्या झोपाळ्याची कडीही. हे ऐकतात की नाही ते मला ठाऊक नाही. ते समाधानाने फोन ठेवतात, आणि मी भाकऱ्या थापायला घेते.