आधी पत्रा, मग समुद्र

"दादा, पोहायला तुला येत नाही, मला येत नाही. मग घर समुद्राकाठी कशाला?"

हे मी दादाला तीनदा विचारलं. पहिल्यांदा त्याच्या तोंडात स्क्रू होते. दुसऱ्यांदा तो शिडीवर होता आणि खालून गिऱ्हाईक ओरडत होतं. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडावर ऑक्सिजन होता. वहिनीला विचारलं, तर ती उठून आत गेली.

दादाला जाऊन चार महिने झाले. हडपसरला आमचं फ्रिज-एसी रिपेअरिंगचं दुकान आहे. आठवीत शाळा सोडली तेव्हापासून मी तिथेच. माणसं अजून भेटायला येतात. येताना चेहरा पाडून येतात, मग दादाचा एखादा किस्सा सांगतात आणि जाताना तोंड लपवून हसतात. आधी मला राग यायचा. एकाला तर मी हाकललं. आता मीच सांगत बसतो. गप्प बसलं की कॉम्प्रेसरचा आवाज फार येतो.

*

घरं बघायला दादा, वहिनी आणि मी रविवारी निघायचो, दुकानाच्याच व्हॅनमधून. अलिबागच्या बाजूला एक एजंट भेटला. वाळूत पांढरे बूट घालून आलेला. फ्लॅटमध्ये नेऊन त्याने झोकात पडदा बाजूला केला आणि म्हणाला, "बघा."

वळून बघतो तर दादा नाही. दादा स्वयंपाकघरात फरशीवर पालथा पडून फ्रिजखाली टॉर्च मारत होता.

"साहेब, सी व्ह्यू इकडे आहे."

"व्ह्यू राहू द्या. ह्याचा पत्रा गंजून गेलाय. कधीचा फ्रिज?"

"गेल्या वर्षीचा."

दादा उठला, गुडघे झटकले आणि सरळ व्हॅनकडे चालायला लागला. एजंटने वहिनीला हळूच विचारलं, "ताई, घर नक्की कुणासाठी बघताय? फ्रिजसाठी?"

*

पाटणकर काका रोज दुकानात येऊन बसतात. कारखान्यातून रिटायर झालेले. आमचा पेपर वाचायचा आणि आम्हालाच ज्ञान द्यायचं.

एकदा म्हणाले, "सतीश, पाणीच बघायचंय ना? खडकवासल्याला जा. भजी खा, पाणी बघ, संध्याकाळी घरी ये. गंजायची भीती नाही."

दादा म्हणाला, "काका, खडकवासल्याला पलीकडचा काठ दिसतो."

काकांनी वाचून झालेला पेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

*

वहिनी यवतमाळची. लग्न होईपर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता. दादाने नेलं तेव्हा चपला हातात धरून ती बराच वेळ नुसती उभी राहिली. दादा शेजारी असा उभा, जसा काही समुद्र त्यानेच बसवलाय.

"मग? कसा आहे?"

"अहो, एवढं पाणी उघडंच काऊन ठेवलं?"

हा किस्सा दादाने हडपसरातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितला. पण एक गोष्ट तो कधी सांगायचा नाही. परत येताना घाट लागेपर्यंत वहिनी सीटवर मागे वळून बसली होती.

*

मग दादाने स्वतःची पद्धत काढली. जुन्या फ्रिजच्या दाराचे चार सारखे तुकडे कापले, रंग घासून काढला आणि दिवेआगर, केळशी, मुरुड, गुहागर अशा चार गावांत टांगायला दिले. "एक पावसाळा राहू द्या. हात लावू नका." ज्या गावातला पत्रा टिकेल, त्या गावात घर.

दिवाळीनंतर बघायला गेलो. दोन पत्रे पापडासारखे मोडत होते. मुरुडला चहावाल्याकडचा मात्र आरशासारखा चमकत होता. दादा वेडा झाला. तिथूनच वहिनीला फोन लावला, "सापडलं गं." मग पत्रा नाकाजवळ नेला.

चहावाला लाजत म्हणाला, "पाहुण्यांची वस्तू, गंजली तर वाईट दिसेल. दर सोमवारी खोबरेल लावत होतो."

उरला केळशीचा. तो एका आजींच्या घराच्या पडवीत होता आणि खरोखरच टिकला होता. आजींना घर विकायचंच होतं. पण त्या दिवशी त्या लेकीकडे गेल्या होत्या, दाराला कुलूप. दादाने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ह्यात फ्रिज वीस वर्षं चालेल. ठरलं."

*

त्याच महिन्यात त्याला कावीळ झाली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "डोक्याला आराम द्या, कसलाही विचार करू नका."

दादा म्हणाला, "विचार करत नाही. तुमच्या एसीचा आवाज ऐकतोय. फॅनचं बेअरिंग गेलंय."

ते बेअरिंग मीच बदललं. दादा पलंगावरून सांगत होता, "हळू. घाई करू नको, मोडशील." आवाज बंद झाला आणि त्याला झोप लागली.

*

गेल्या आठवड्यात केळशीच्या आजींचा फोन आला. "दुसरं गिऱ्हाईक आलंय. तुमचं काय ते सांगा." मी कुणालाही न विचारता सांगून टाकलं, "रविवारी येतो."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, मी एकदा बघते. मन नाही लागलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

घर चिऱ्याचं, थंडगार, स्वच्छ. वहिनी एकेक खोली फिरली. समुद्र घराच्या मागे शंभर पावलांवर होता, पण नुसता ऐकू येत होता. मागच्या भिंतीला एकही खिडकी नव्हती.

"वारा खारा ना," आजी म्हणाल्या. "आमच्या सासऱ्यांनी सगळ्या खिडक्या रस्त्याकडे घेतल्या. म्हणून तर काही गंजत नाही." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

वहिनी बाकावर बसली. "ह्यांनी घर आतून बघितलंच नव्हतं का?"

"कुलूप होतं."

ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, बसल्या जागी समुद्र दिसेल. चहा घेऊन निघू या, भाऊजी."

मी व्हॅनमधून ड्रिल आणलं. ती बसली होती त्या उंचीला मागच्या भिंतीवर खूण केली आणि सुरू केलं. एसीच्या पाइपासाठी पाडतो तेवढंच भोक. आजी चहाचं गाळणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

"अहो, हे काय करताय?"

"पाइपाचं भोक."

"एसी कुठाय?"

"आणला नाही."

"पण घर अजून विकलं नाही हो मी."

भिंत जाड होती. मी थांबलो नाही. शेवटी ड्रिल पलीकडे गेलं आणि आत उजेड आला. मी भोकातला लाल चुरा बोटाने काढला, फुंकर मारली, खालची फरशी फडक्याने पुसून घेतली आणि वहिनीला उठवून तिचा बाक भिंतीजवळ सरकवला.