पहिलं शील

बाभुळगावजवळच्या आमच्या वस्तीत बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर सगळेच एकमेकांचे मास्तर झाले होते. ज्याला पंचशील पाठ झालं, तो दुसऱ्याला धरून बसवायचा. वडलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, सगळ्यांत कडक. उच्चार चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही पोरी त्यांना पाहून वाट बदलायचो.

दादा दीक्षेच्या आधीच फौजेत गेला होता. चीनच्या लढाईनंतर तो लांब सुट्टीवर आला. त्याच्या नोकरीची मुदत संपत आली होती. पुढे सही करायची की कायमचं घरी यायचं, हे या सुट्टीत ठरायचं होतं. आईने तर मुलगीही पाहून ठेवली होती.

तो स्नायपर आहे एवढं आम्हाला माहीत होतं, अर्थ माहीत नव्हता. एका दुपारी कापसाच्या शेतात धुऱ्यावर, बांधावर बसून मीच खोदून विचारलं.

"रायफल जुनीच, थ्री-नॉट-थ्री," तो म्हणाला. "साऱ्यायजवळ असते तशीच. माह्यावर फक्त दुर्बीण. बाकीच्यायले माणूस दिसते, मले त्याचं तोंड दिसते."

मग तो आपणहून बोलत राहिला. लढाईत एकदा सकाळपासून तो दगडांत पालथा पडून होता. पलीकडचा एक शिपाई फाटका हातमोजा शिवायला बसला होता. थंडीने बोटं वाकत नव्हती, सुईत दोरा जाईना.

"म्या थांबलो. म्हटलं, ओवू दे त्याले. दोरा गेला, तो हासला, अन् म्या चाप ओढला. गोळी सुटली तरी डोया काढता येत नाही. हातानं बोल्ट मांगं ओढा, दुसरी गोळी भरा, डोया दुर्बिणीवरच. सारं पाहा लागते."

"आईले सांगू नको," एवढंच तो म्हणाला.

पौर्णिमेला टिनाच्या शेडमध्ये वंदनेला सगळी वस्ती जमली. दादा इस्त्रीचे कपडे घालून पुढे बसला होता. 'पाणातिपाता' आलं, कुणाचा जीव घेणार नाही हे पहिलं शील, आणि त्याचं तोंड मिटलं ते मिटलंच. मोठेबाबांना वाटलं, दीक्षेच्या वेळी हा इथे नव्हता, याला येत नाही. त्यांनी वंदना थांबवली आणि त्याला हाताला धरून मायेने उभं केलं.

"लाजू नको बापू. मले बी लय दिवस लागले. बोल माह्या मांगं. पाणातिपाता."

मोठेबाबांनी पुन्हा सांगितलं, हळू, तोडून तोडून, लहान लेकराला सांगावं तसं. बायका पदराआड हसल्या. "फौजेत जीभ इसरून आला काय रे?" मागून कुणीतरी म्हणालं. माझा नुसता जळफळाट होत होता. उठून सगळ्यांवर ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगणार काय? दादा हात सोडवून बाहेर गेला.

सुट्टी बाकी होती, तरी सकाळी त्याने ट्रंक बांधली. एसटीपाशी मी रडतच विचारलं, "दादा, काहून जाऊन राह्यला?"

"तिथं मले हे कोणी म्हणायले लावत नाही."

त्याने पुढची सही केली, आणि पाकिस्तानच्या लढाईत तो मारला गेला. त्याच्यासाठी मोठेबाबांनी स्वतः वंदना घेतली. आई मात्र मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत राहिली, "पाठ नव्हतं त नव्हतं. त्याच्यासाठी घर सोडा लागते काय? म्या शिकवलं असतं त्याले."